एमीच्या अंदाजांचा तक्ता कसा बनवावा? (नागपूर, २४ जण)

अंबाझरीकाठ:

नमस्कार मंडळी. धरमपेठेत आमचा इंग्रजी मालिका पाहणाऱ्यांचा २४ जणांचा गट आहे. यंदाचा प्राइमटाइम एमी (अमेरिकेतले टीव्हीचे पुरस्कार) सोहळा एकाच्या घरी सगळ्यांनी मिळून पाहायचा आणि त्याआधी प्रत्येकाने विजेत्यांचे अंदाज लिहून द्यायचे, असा बेत करून राहिलो आहोत. मागल्या खेपेच्या तक्त्यात जे घोळ झाले ते आधीच सांगतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील.

दोघांनी 'द बेअर'चा चौथा सीझन डोक्यात धरून अंदाज लिहिले, प्रत्यक्षात स्पर्धेत तिसरा होता. 'पाहुणा कलाकार' अशी एक ओळ ठेवली होती, तिचा निकाल मुख्य सोहळ्याच्या आठवडाभर आधीच लागलेला निघाला. एकाने ड्रामाच्या रकान्यात भारतीय मालिकेचं नाव लिहिलं, कारण 'दिल्ली क्राइमला एमी मिळालाच होता ना'. निरोपात 'रविवारी रात्री' असं गेल्याने वेळेचाही गोंधळ झाला. आणि शेवटी दोघांचे गुण सारखे झाले, तेव्हा तोड काय काढायची हे आधी ठरलेलंच नव्हतं.

तर ओळी कोणत्या ठेवाव्या, गुण कसे द्यावे, तक्ता कधी बंद करावा आणि अंदाज बांधायचा तरी कशावरून? जाणकारांनी सविस्तर सांगावं.


धंतोलीकर:

भाऊ, तक्त्यावर मालिकेचं नुसतं नाव असलं की पहिला घोळ होणारच. एमीचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पुढच्या ३१ मेला संपतं. 'द बेअर'चे सीझन जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात येतात, म्हणजे दरवेळी नव्या वर्षाच्या अगदी तोंडाशी. पहिला सीझन जून २०२२ मध्ये आला, तो ७५ व्या सोहळ्यात. दुसरा जून २०२३ चा, तो ७६ व्या सोहळ्यात. तिसरा जून २०२४ चा, तो सप्टेंबर २०२५ च्या ७७ व्या सोहळ्यात, आणि तोवर चौथा येऊन अडीच महिने झाले होते. ज्याला जे ताजं आठवतं तेच तो लिहितो. म्हणून मालिकेच्या नावापुढे सीझनचा आकडा छापूनच द्या, लिहिणाऱ्यावर सोडू नका.

वर सोहळ्याचा क्रमांकही टाका, नुसतं साल नको. हॉलिवूडच्या लेखक-कलाकारांच्या संपामुळे ७५ वा सोहळा सप्टेंबर २०२३ ऐवजी १५ जानेवारी २०२४ ला झाला आणि ७६ वा १५ सप्टेंबर २०२४ ला. 'एमी २०२४' असं शोधलं की दोन्ही निकाल एकत्र येतात. जुने निकाल पाहून अंदाज बांधणारे तिथेच फसतात.

ओळी २१ ठेवा. ड्रामा, कॉमेडी आणि लिमिटेड (एकाच सीझनमध्ये संपणारी) किंवा अँथॉलॉजी (दर सीझनला नवी गोष्ट), अशा तीन मालिका. या तिन्हींत मुख्य अभिनेता, मुख्य अभिनेत्री, सहायक अभिनेता, सहायक अभिनेत्री, म्हणजे १२. आणि तिन्हींचं दिग्दर्शन व लेखन, म्हणजे ६. टॉक शो, स्केच कार्यक्रम, रिअॅलिटी स्पर्धा यांचे पुरस्कारही त्याच रात्री असतात, पण ते कार्यक्रम आपल्याकडे फार थोडे लोक पाहतात. तिथे अंदाज न राहता नुसता चिठ्ठ्या उचलण्याचा प्रकार होतो, म्हणून मी ते ठेवणार नाही.

पाहुणे कलाकार, कास्टिंग (कलाकारांची निवड), छायाचित्रण, संकलन, वेशभूषा, ध्वनी हे सगळे 'क्रिएटिव्ह आर्ट्स एमी'त दिले जातात. तो सोहळा आदल्या शनिवार-रविवारी दोन रात्री चालतो. २०२५ मध्ये तो ६ आणि ७ सप्टेंबरला होता, मुख्य सोहळा १४ ला. पाहुणा कलाकार ठेवायचाच असेल तर त्याचा वेगळा कागद करा आणि तो आठवडाभर आधीच गोळा करा. पाहुणा कोण याचीही व्याख्या ठरलेली आहे: सीझनच्या निम्म्यापेक्षा कमी भागांत दिसलेला कलाकारच तिथे बसतो. भूमिका लहान वाटली म्हणून कोणाला पाहुणा धरू नका.

नावं वर्तमानपत्रांच्या बातम्यांतून उचलू नका. जुलैत नामांकनं जाहीर झाली की हे पुरस्कार देणाऱ्या टेलिव्हिजन अकादमीच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी येते, तीच समोर ठेवून तक्ता भरा. ड्रामा आणि कॉमेडी मालिकेत प्रत्येकी आठ नावं असतात, लिमिटेडमध्ये पाच. अभिनयाच्या विभागात नावांची संख्या त्या विभागात किती प्रवेश आले यावर ठरते, त्यामुळे सगळीकडे सारख्या चौकटी आखल्या तर कुठे नाव मावत नाही, कुठे चौकट रिकामी राहते.


महालगल्ली:

धंतोलीकरांच्या म्हणण्याला जोडून एक. मालिका कोणत्या विभागात आहे हे आपल्या मनाने ठरवू नका. २०१५ पासून काही वर्षं नियम असा होता की अर्ध्या तासाची ती कॉमेडी आणि त्याहून मोठी ती ड्रामा, वेगळं हवं असेल तर अर्ज करायचा. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'ला त्यातूनच कॉमेडीतून ड्रामात जावं लागलं आणि ती दोन्ही विभागांत मालिका म्हणून नामांकन मिळालेली एकमेव ठरली. तिच्यातल्या उझो अदुबाने एकाच भूमिकेसाठी आधी कॉमेडीत आणि मग ड्रामात पुरस्कार घेतला. आता लांबीचा तो नियम नाही. निर्माते विभाग निवडतात, अकादमीला तो तपासण्याचा अधिकार असतो. 'द बेअर' पाहताना छातीत धडधड होते हे खरं, पण ती कॉमेडीतच आहे.

लिमिटेडचंही तसंच. 'द व्हाइट लोटस' ७४ व्या सोहळ्यात लिमिटेडमध्ये जिंकली, पुढचा सीझन आला तशी ७५ व्यात ड्रामात गेली. जेनिफर कूलिजने दोन्ही वेळा त्याच तान्याच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला. 'शोगुन'ही आधी लिमिटेड म्हणून आली होती. पुढच्या सीझनची ठरवाठरव झाली, ती ड्रामात दाखल झाली आणि ७६ व्या सोहळ्यात एकाच सीझनसाठी १८ पुरस्कार घेऊन गेली.

आता अंदाज कशावरून बांधायचा ते. इथे मतदानाची रीत कळली की निम्मं काम होतं.

एमी प्रेक्षकांच्या मतांवर नाही, टेलिव्हिजन अकादमीच्या सदस्यांच्या मतांवर ठरतो. अभिनयाला नटमंडळी मत देतात, लेखनाला लेखक, दिग्दर्शनाला दिग्दर्शक. मालिकेच्या पुरस्काराला मात्र सगळ्या शाखांचे सदस्य मत देतात. म्हणून मालिका जिंकली की दिग्दर्शन-लेखनही तिचंच, असं धरून चालू नका. ७७ व्या सोहळ्यात ड्रामा मालिका 'द पिट' ठरली, दिग्दर्शन 'स्लो हॉर्सेस'च्या अॅडम रँडलला गेलं आणि लेखन 'अँडोर'च्या डॅन गिलरॉयला. तीन ओळी, तीन वेगळ्या मालिका. त्याच रात्री लिमिटेडमध्ये 'अॅडोलसन्स'ने मालिका, दिग्दर्शन, लेखन आणि अभिनयाचे तीन असे सहा पुरस्कार नेले. माझं मत असं, की लिमिटेडमध्ये एकाच नावावर भर दिला तरी चालतं, कारण तिथे पूर्ण मालिका एकच गोष्ट म्हणून पाहिली जाते. ड्रामात ओळीगणिक वेगळा विचार करा.

दुसरी गोष्ट म्हणजे पूर्वी अंतिम फेरीत सदस्य पसंतीक्रम लावत. २०१७ पासून प्रत्येक विभागात एकच खूण करतात आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, निम्म्यावर मतं मिळवायची गरज नाही. एकाच मालिकेतले चार जण एका ओळीत असले की मतं फुटण्याचा धोका येतो तो यामुळे. ७७ व्या सोहळ्यात ड्रामाच्या सहायक अभिनेत्रींत 'व्हाइट लोटस'च्या चौघी होत्या आणि जिंकली 'द पिट'ची कॅथरीन लानासा. पण हा पक्का ठोकताळा समजू नका. ७४ व्यात लिमिटेडमध्ये सातपैकी पाच जणी 'व्हाइट लोटस'च्याच होत्या, तरी कूलिज जिंकली. फरक असा, की कूलिज त्या पाचांत उठून दिसत होती. चौघी सारख्याच तोलाच्या असतील तर बाहेरचं नाव लिहा. एकच जण सगळ्यांच्या तोंडी असेल तर तिलाच लिहा.

तिसरी गोष्ट फार कमी लोक ध्यानात घेतात. अंतिम मतदान ऑगस्टमध्ये दहाएक दिवस चालतं आणि संपतं. २०२५ मध्ये ते १८ ते २७ ऑगस्टला झालं. त्यानंतर आलेला नवा सीझन, गाजलेली मुलाखत, एखादा वाद, कशाचाही निकालावर परिणाम होत नाही, कारण मतं पेटीत गेलेली असतात. तुमच्या गटातल्यांना सांगा, सप्टेंबरातल्या चर्चेवर अंदाज बदलू नका.

आणि नामांकन मिळालेला प्रत्येक कलाकार ड्रामा-कॉमेडीत आपला एक भाग निवडून सादर करतो. ती यादी बाहेर येते. निदान मुख्य अभिनेता-अभिनेत्रीच्या ओळींसाठी तेवढे भाग पाहून घ्या. पूर्ण सीझनभर चांगला असलेला नट निवडलेल्या भागात मागे पडलेला दिसतो, आणि त्याच्या उलटही होतं.


अंबाझरीकाठ:

दोघांचेही मनापासून आभार, सगळं उतरवून घेतलं. महालगल्ली दादा, क्रिएटिव्ह आर्ट्सचा निकाल आठवडाभर आधी हाती येतो, तर त्यावरून मुख्य रात्रीचा अंदाज लावणं योग्य का?


महालगल्ली:

थोडाफार, तोही जपून. मतदान दोन्हींचं एकाच वेळी झालेलं असतं, त्यामुळे एक निकाल दुसऱ्यावर परिणाम करत नाही. तो फक्त सदस्यांचा कल दाखवतो, आणि तोही कारागिरांच्या शाखांचा. 'शोगुन'ने क्रिएटिव्ह आर्ट्समध्ये १४ घेतले आणि मुख्य रात्री ड्रामा मालिकाही तीच ठरली, तिथे कल बरोबर निघाला. पण त्याच ७६ व्या सोहळ्यात 'द बेअर'ने एकूण ११ पुरस्कार घेऊन कॉमेडीचा तोवरचा विक्रम मोडला आणि कॉमेडी मालिकेचा पुरस्कार 'हॅक्स'ला गेला. पुढल्या वर्षी 'सेव्हरन्स'ला सर्वाधिक २७ नामांकनं होती, मालिका जिंकली 'द पिट'. भव्य नेपथ्य आणि ध्वनी असलेल्या मालिकेला नामांकनं मोजून जास्त मिळतात, कारण तितके विभागच असतात. 'द पिट'सारख्या इस्पितळाच्या एका मजल्यावर घडणाऱ्या मालिकेला ते मिळणार कुठून? तेव्हा नुसता आकडा बघू नका. कास्टिंगचा पुरस्कार कोणाला गेला ते मात्र मी बघतो, तो नटांच्या एकूण ताफ्याबद्दल बोलतो.

म्हणजे तक्ता क्रिएटिव्ह आर्ट्सच्या आधी बंद करायचा की नंतर, हे तुम्हीच ठरवा. पण सगळ्यांसाठी एकच वेळ ठेवा. अर्ध्यांनी आधी आणि अर्ध्यांनी नंतर दिला तर ते सरळसरळ अन्याय्य आहे.


काटोलरोड:

दिल्ली क्राइमचा घोळ सोडवतो. 'एमी' हे नाव वापरणाऱ्या तीन संस्था आहेत. लॉस एंजेलिसची टेलिव्हिजन अकादमी प्राइमटाइम एमी देते, तुम्ही पाहणार तो हाच. न्यूयॉर्कची राष्ट्रीय अकादमी दिवसाच्या मालिका, बातम्या आणि खेळ यांचे एमी देते. तिसरी इंटरनॅशनल अकादमी, तिचा सोहळा नोव्हेंबरात न्यूयॉर्कला होतो आणि अमेरिकेबाहेर बनलेले कार्यक्रम मुख्यतः तिथे असतात. 'दिल्ली क्राइम'ला २०२० मध्ये ड्रामा मालिकेचा पुरस्कार मिळाला तो हा तिसरा. विनोदवीर वीर दासला २०२३ मध्ये कॉमेडीचा मिळाला तोही हाच. आपल्या बातम्यांत सरसकट 'एमी' छापून येतं, म्हणून गल्लत होते.

मग कोरियन 'स्क्विड गेम' प्राइमटाइममध्ये कशी, हे कोणीतरी विचारेलच. परदेशी मालिका अमेरिकी भागीदाराच्या पैशातून आणि सहभागातून, तिथे दाखवण्याच्या हेतूने बनली असेल तर ती प्राइमटाइममध्ये दाखल करता येते. तिचा नायक ली जंग-जे ७४ व्या सोहळ्यात ड्रामाचा मुख्य अभिनेता ठरला तो असा. भाषा कोणती याला अडकाठी नाही, 'शोगुन'चा बराचसा भाग जपानीतच आहे. म्हणून तक्त्यावर 'भारतीय मालिका चालणार नाही' असं लिहू नका, ते चुकीचं होईल. नामांकनाच्या यादीतलं नावच चालेल, एवढं लिहा, पुरे.

वीर दासचा पुरस्कार 'डेरी गर्ल्स' या ब्रिटिश मालिकेसोबत विभागून गेला होता. विभागणी प्राइमटाइममध्येही होऊ शकते. तुमच्या नियमांत एक ओळ घाला: पुरस्कार विभागला तर दोन्हींपैकी कोणतंही नाव लिहिणाऱ्याला पूर्ण गुण.


पहाटपाळी:

वेळेचं मी सांगते. सोहळा लॉस एंजेलिसला संध्याकाळी ५ ला सुरू होतो. सप्टेंबरात तिथे उन्हाळी वेळ असते, त्यामुळे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाट, ५.३०. (जानेवारीत झाला होता तेव्हा तिथली हिवाळी वेळ होती, म्हणून आपल्याकडे ६.३० वाजले होते.) साधारण तीन तास धरा, म्हणजे साडेआठपर्यंत.

वार पाहा. प्रक्षेपण चार वाहिन्यांत फिरतं: फॉक्स, एबीसी, सीबीएस, एनबीसी. एनबीसीची पाळी आली की सोहळा सोमवारी जातो, कारण रविवारी रात्री त्यांच्याकडे फुटबॉलचा सामना असतो. २०१८ आणि २०२२ ला तसंच झालं. २०२६ ला पुन्हा एनबीसी, ७८ वा सोहळा सोमवारी १४ सप्टेंबरला. म्हणजे नागपुरात मंगळवार, १५ सप्टेंबर, पहाटे ५.३०. निरोपात फक्त हेच लिहा, अमेरिकेतला वार लिहूच नका.

आणि १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती त्यांचं १५ लाच विसर्जन, पाठोपाठ महालक्ष्म्यांची गडबड. अशा घरी बैठक ठेवू नका, आणि त्यांना साडेआठला नक्की मोकळं करा.

दाखवण्याची सोय: भारतातले हक्क कोणत्या अॅपकडे आहेत ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या अॅपवरच बघून घ्या, मागच्या वर्षीचं गृहीत धरू नका. मोबाइलवरून प्रोजेक्टरला मिररिंग केलं किंवा जुन्या व्हीजीए जोडणीचा कन्व्हर्टर लावला तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. संरक्षित चित्रण असल्याने अॅप अशा जोडणीला चित्र देत नाही. स्ट्रीमिंग स्टिक सरळ प्रोजेक्टरच्या एचडीएमआय खाचेत लावा, आणि आदल्या संध्याकाळी त्याच अॅपवर दुसरा कोणताही कार्यक्रम दहा मिनिटं चालवून बघा. यूट्यूब चाललं म्हणजे हे चालेल असं नाही. स्पीकर वेगळा असेल तर ब्लूटूथ टाळा, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. तार वापरा.

राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून ठेवा. पावसाळी पहाटे क्षणभर लाइट गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात एक पुरस्कार निघून जातो. अॅपवरचं प्रक्षेपण खऱ्या वेळेच्या मागे असतं, म्हणून फोनवर निकाल आधी येतो. सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवा. खूण करणारा एकच माणूस नेमा, त्याने पडद्यावर नाव आल्यावरच खूण करायची. वैयक्तिक खातं सार्वजनिक दाखवणीसाठी नसतं, तेव्हा कार्यक्रम घरातच ठेवा. सभागृह, तिकीट वगैरे नको.

खाण्याचं म्हणाल तर तर्री-पोहेच सोयीचे. २४ जणांना पावणेदोन ते दोन किलो पोहे, तर्रीसाठी किलोभर काळे चणे आदल्या दुपारीच भिजत घाला आणि तर्री रात्रीच करून ठेवा, मुरते चांगली. पोहे मात्र सातच्या सुमारास जाहिराती लागल्यावरच भिजवा. साडेपाचला भिजवलेले पोहे सातपर्यंत गोळा होतात.


सक्करदरा_९:

बक्षिसाबद्दल थोडं. एमीच्या बाहुलीची हुबेहूब नक्कल करून देऊ नका, त्या आकृतीवर अकादमीचा हक्क आहे. खरी बाहुली सुमारे ३९ सेंटिमीटर उंच आणि तीन किलोच्या घरातली असते. लुई मॅकमॅनस यांनी पत्नी डोरथीला समोर ठेवून ती घडवली: पंख कलेचे, हातातला अणू विज्ञानाचा. रंगमंचावर दिली जाते तेव्हा तिच्यावर विजेत्याचं नाव नसतं, निकाल आधी फुटू नये म्हणून. नावाची पट्टी नंतरच्या मेजवानीत तिथल्या तिथे बसवून देतात. ही कल्पना मात्र जरूर घ्या. साधी लाकडी फळी आणा आणि जिंकणाऱ्याचं नाव त्याच्यासमोर लिहा. सोबत संत्रा बर्फी द्या. संत्री देऊ म्हणाल तर सप्टेंबरात आंबिया बहाराचं फळ तयार नसतं.


अंबाझरीकाठ:

सगळ्यांचं वाचून असं ठरवलं आहे. तीन मालिकांच्या ओळींना दोन-दोन गुण, बाकी १८ ओळींना एक-एक, एकूण २४. तक्ता क्रिएटिव्ह आर्ट्सच्या आदल्या रात्री ९ ला बंद. तोड म्हणून 'रात्रभरात सर्वाधिक पुरस्कार घेणाऱ्या मालिकेचे एकूण पुरस्कार किती' हा आकडा विचारावा म्हणतो. चालेल?


धंतोलीकर:

गुण ठीक आहेत. तोडीचा प्रश्न बदला. 'एकूण पुरस्कार' म्हटलं की क्रिएटिव्ह आर्ट्सचे धरायचे की नाही यावर वाद होतो: बातम्यांत 'शोगुन'चे १८ येतात, त्या रात्रीचे चारच होते. शिवाय मुख्य रात्रीचे आकडे तीन, चार, सहा असे लहान असतात, त्यामुळे तिथेही बरोबरी व्हायची. त्यापेक्षा रात्रीच्या शेवटच्या पुरस्काराचं नाव तुमच्या पडद्यावर किती वाजून किती मिनिटांनी उच्चारलं जाईल ते लिहून घ्या. समोर एकच घड्याळ ठेवा, आणि ज्याचं मिनिट सर्वांत जवळ तो पुढे. मिनिटं दोघांचीही सारखी निघाली तर ड्रामा मालिकेची ओळ ज्याची बरोबर तो.

आणि तक्त्यात सीझनचा रकाना लिमिटेडच्या पाच नावांपुढे रिकामाच ठेवा, फक्त अँथॉलॉजी असेल तिथे आकडा टाका. नाहीतर तिथे सगळीकडे '१' छापला जातो आणि दुसरा सीझन येणार आहे की काय, ही विचारणा सुरू होते.